बिनवजनाचा स्टँड

फोटोग्राफरच्या कंबरेत उसण भरली ती जिन्यात, घराचं दार हाताच्या अंतरावर असताना. एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, काखेत तिपाई, पाठीवर लॅपटॉप आणि दोन्ही हातांत ते लोखंडी टेबल. टेबल पायरीवर टेकवायला म्हणून तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"अगं, जरा बाहेर ये," त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली. "आणि हसू नकोस."

बायको बाहेर आली, तिने त्याला एकदा नीट पाहिलं, आत जाऊन हसून घेतलं आणि मग परत आली. तिने आणि तिच्या वडिलांनी मिळून त्याला त्याच आकारात उचलून आत नेलं आणि कुशीवर ठेवलं. सरळ ठेवायची सोय नव्हती.

डॉक्टरांनी कंबर दाबून पाहिली आणि वजन उचलायचं नाही म्हणून ताकीद दिली.

"काय काम करता?"

"फोटो काढतो."

"मग त्यात वजन कुठून आलं?"

आता हे डॉक्टरांना कोण समजावणार? पण तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गंमत वाया जाईल. या फोटोग्राफरचं एक दुकान होतं, आणि त्यात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पासपोर्टचे फोटो काढायचा. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. हसू नका सांगून सांगून त्याचं स्वतःचंही हसू आटत चाललं होतं. त्याला उघड्यावरची कामं हवी होती, डोंगर, ऊन, मोकळी हवा. त्या कामात कॅमेऱ्याला एक लांबलचक नारिंगी केबल लावून ती लॅपटॉपला जोडतात, म्हणजे इकडे फोटो निघाला की तिकडे पडद्यावर मोठा होऊन दिसतो, आणि गिऱ्हाईक जागच्या जागी हो की नाही सांगतं. या प्रकाराला धंद्यात काहीतरी इंग्रजी नाव आहे. घरात मात्र सगळे त्याला "दावं बांधणं" म्हणत.

दावं बांधायचं तर लॅपटॉप ठेवायला काहीतरी हवं, आणि फोटोग्राफरकडे होतं ते लोखंडी टेबल. ते मजबूत होतं यात वादच नाही. त्याच्यावर लॅपटॉपच काय, लॅपटॉपचं दुकान ठेवलं असतं तरी चाललं असतं. फक्त ते डोंगरावर न्यायला दुसरा डोंगर लागत होता.

आणि नेमकं आताच डोंगरावर जायचं होतं. तंबू बनवणाऱ्या एका कंपनीच्या मालकीणबाईंनी त्याला चाचणीचं काम दिलं होतं. एका तंबूचा एक फोटो. तो आवडला तर वर्षभराचा सगळा कॅटलॉग त्याचा, आणि पासपोर्टच्या हनुवट्यांतून सुटका. आधीच्या फोटोग्राफरने म्हणे पंधरवड्याने फोटो आणून दिले होते आणि त्यात हिरवे तंबू निळे आले होते. तेव्हापासून मॅडमनी एकच अट धरली होती.

"फोटो निघाला की मला तिथल्या तिथे दिसला पाहिजे," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. "नाही दिसला तर मी माझ्या घरी, तुम्ही तुमच्या घरी."

कुशीवर पडल्या पडल्या फोटोग्राफर हे सगळं बायकोला सांगत असताना दारात सासरे उभे होते. ते जन्मभर शहर बस चालवून निवृत्त झाले होते आणि लेकीकडे राहायला आले होते. माणूस प्रेमळ, पण रिकामा. स्टिअरिंग सुटल्यापासून हातांना काय करावं ते कळत नसे, म्हणून ते घरातल्या वस्तू दुरुस्त करत. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नसे, कारण तिला पुन्हा कोणी हात लावत नसे. एक गोष्ट मात्र वाखाणण्यासारखी होती. दाराची घंटा दोनदा वाजली की ते गाढ झोपेतूनही उठून चालू लागत. म्हातारपणी इतका उत्साह पाहून लेक-जावई दोघांनाही त्यांचं कौतुक वाटे.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "तुम्ही पडून राहा. तुमच्या लॅपटॉपसाठी गाडी मी बांधतो. अशी हलकी बांधतो, की करंगळीवर उचलाल."

फोटोग्राफरने नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने त्याच्या कंबरेवर हलकेच हात ठेवला. 

"नाही म्हणू नकोस," सासरे गेल्यावर ती हळूच म्हणाली. "इथे आल्यापासून आज पहिल्यांदा शीळ घालत खोलीत गेलेत."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या खोलीतून कानशीचा आवाज आला, मग हातोड्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. त्या काही नसण्याचीच बायकोला जास्त भीती वाटत होती. संध्याकाळी ती कपडे वाळत घालायला गेली तर कपडे वाळत घालायचा स्टँड गायब. चहाचा ट्रेही सापडेना. ती काय समजायचं ते समजली आणि ओले कपडे मुकाट्याने खुर्च्यांच्या पाठींवर पसरू लागली.

लॅपटॉपचा स्टँड मात्र दिसायला झकास झाला होता, तेवढं श्रेय दिलंच पाहिजे. कपड्यांच्या स्टँडचे पोकळ पाइप कापून तीन पाय, वर चहाचा ट्रे, ट्रेच्या कडेला लॅपटॉप घसरू नये म्हणून रबराच्या पट्ट्या, आणि खांद्याला अडकवून न्यायला जुन्या बॅगेचा रुंद पट्टा. ट्रेवरची गुलाबाची फुलं तशीच होती. सासऱ्यांनी तो बैठकीच्या मधोमध उभा केला, वर लॅपटॉप ठेवला, आणि शेजारी चहाचा कप.

"वजन बघा," ते म्हणाले.

फोटोग्राफर आता सरळ उभा राहू शकत होता. त्याने स्टँड करंगळीवर उचलला. खरंच उचलला गेला.

"बाबा, याला वजनच नाही."

"तेच तर," सासरे म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की पुढे कोणाला काही विचारायचा धीर झाला नाही. बैठकीत वारा नव्हता ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नाही.

डोंगरावर मात्र वारा होता. गाडी पायथ्याशी लावून तिघं वर चढले. बॅगा बायकोने आणि सासऱ्यांनी घेतल्या, फोटोग्राफरने फक्त आपली कंबर नेली. वर छान हिरवं पठार होतं, एका बाजूला सौम्य उतार आणि उताराच्या तळाशी तळं. कंपनीच्या माणसांनी सकाळीच येऊन तंबू उभारून ठेवला होता. हिरवाच होता. पुढे एक घडीची खुर्ची मांडलेली होती आणि खुर्चीवर चिठ्ठी: बसू नये, फोटोसाठी.

सासऱ्यांनी स्टँड उभा केला. स्टँड आडवा झाला. पुन्हा उभा केला, पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा तो आडवा न होता सरळ चालत तंबूकडे निघाला, तेव्हा सासऱ्यांनी त्याला धावत जाऊन पकडलं.

"खालून वजन लावलं की झालं," ते म्हणाले. "रिकामी गाडी उडतेच. प्रवासी भरले की बसते."

त्यांनी तिन्ही पायांच्या मधोमध तारेचा आकडा लावला आणि त्याला पाण्याचा कॅन अडकवला. स्टँड जरा विचारात पडला. मग कॅमेऱ्याची बॅग अडकवली, मग जेवणाचे डबे, मग बायकोची पर्स. पर्स अडकवताच स्टँड असा घट्ट उभा राहिला की फोटोग्राफरने संशयाने बायकोकडे पाहिलं.

"काय असतं गं यात?"

"तुला लागतं ते सगळं," ती म्हणाली.

एवढं सगळं लटकवल्यावर त्या बिनवजनाच्या स्टँडचं वजन लोखंडी टेबलाच्या वर गेलं होतं. तिघांनीही ते पाहिलं आणि तिघांनीही दुसरीकडे पाहिलं. फोटोग्राफरने लॅपटॉप ट्रेवर ठेवला, केबल जोडली, आणि ती ऐन वेळी निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना चिकटपट्टीचे वेढ्यावर वेढे दिले. एकदा एका गिऱ्हाईकासमोर केबल निसटून त्याची फजिती झाली होती, तेव्हापासून तो या बाबतीत कोणाचं ऐकत नसे.

मॅडम आल्या त्या धापा टाकत. गोलसर बांधा, डोक्यावर मोठी टोपी, आणि चेहऱ्यावर आपल्याला कोणीतरी फसवणार आहे अशी पक्की खात्री.

"लॅपटॉप कुठाय? हा का? फुलाफुलांचा?" त्यांनी ट्रेकडे पाहिलं. "असू दे. मी खाली बसणार नाही, माझे गुडघे धरलेत. उभ्याने दिसलं पाहिजे. आणि आधी जरा पाणी द्या."

सासरे तत्पर माणूस. त्यांनी वाकून आकड्यावरचा पाण्याचा कॅन काढला.

वाऱ्याची झुळूक आली म्हणावं तर तीही धड आली नाही. पण पर्स एकीकडे आणि डबे दुसरीकडे झाले, स्टँड एका पायावर गिरकी घेऊन निघाला, आणि लॅपटॉपसकट ट्रे हवेत उचलला गेला. फोटोग्राफरने डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा तीन पाय उताराने गडगडत तळ्याकडे चालले होते आणि सासरे कॅन टाकून, पोट पुढे काढून, दोन्ही हातांनी ट्रे पोटाशी धरून उभे होते. लॅपटॉप जागच्या जागी होता. रबराच्या पट्ट्या चांगल्या होत्या.

खाली तळ्यात डुबुक असा आवाज झाला. मॅडमनी फोटोग्राफरकडे पाहिलं. त्या घरी जायच्या बेतात होत्या, हे त्यांच्या चपलांच्या दिशेवरूनच कळत होतं.

"हलू नका बाबा," फोटोग्राफर म्हणाला. बुडत्या माणसाला जे सुचतं तेच त्याला सुचलं. त्याने ट्रेचा तो रुंद पट्टा सासऱ्यांच्या मानेमागून घेतला आणि घट्ट केला. ट्रे सासऱ्यांच्या पोटावर अगदी आडवा बसला. त्यांनी सवयीने दोन्ही हात ट्रेच्या दोन बाजूंना धरले, पाय जरा फाकवले, आणि नजर समोर रस्त्यावर लावली. रस्ता नव्हता, पण नजर तशीच होती.

मॅडम जवळ आल्या. पडदा बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता. सासऱ्यांच्या टोपीची सावलीही नेमकी पडद्यावर पडत होती, त्यामुळे उन्हातही सगळं स्वच्छ दिसत होतं.

"हे बरंय," मॅडम म्हणाल्या. "काका, त्रास नाही ना होत?"

"अहो ताई, जन्म गेला असा," सासरे म्हणाले. "फक्त याला आरसे नाहीत."

फोटोग्राफरच्या जिवात जीव आला. त्याने फोटो काढायला सुरुवात केली. तंबू हिरवा दिसत होता, आकाश जागेवर होतं, मॅडम हं हं करत होत्या. पण दोन-चार फोटोंनंतर त्यांनी पुन्हा तोंड वाकडं केलं.

"तुम्ही फोटो कधी काढता तेच कळत नाही हो. मी मान वर करते तोवर निघून जातो. आवाज नाही का याला?"

कॅमेऱ्याला आवाज होता, फोटोग्राफरनेच तो बंद ठेवला होता. समोरच्या वस्तूवर नजर नीट जुळली, म्हणजे फोकस झाला, की कॅमेरा पीप-पीप असा दोनदा वाजे. गिऱ्हाईक खुश तर आपण खुश, म्हणून त्याने तो सुरू केला आणि बटण अर्धं दाबलं.

पीप-पीप.

सासऱ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. मॅडमच्या डोळ्यांसमोरचा पडदा सरकला, म्हणून त्याही एक पाऊल पुढे गेल्या. केबल ताणली गेली, म्हणून फोटोग्राफरही एक पाऊल पुढे गेला.

"बाबा, चालू नका ना."

"मी कुठे चालतोय? तुम्हीच मागे राहताय."

पीप-पीप. पुन्हा एक पाऊल.

"बाबा."

"अहो जावईबापू, माझ्या बापाने कधी विनाकारण पाऊल टाकलं नाही, मी कशाला टाकीन?"

आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. माणूस कितीतरी वर्षं मागच्या कंडक्टरची घंटा ऐकून गाडी चालवतो. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. त्या दोन घंट्या कानांतून डोक्यात जातच नाहीत, सरळ पायात उतरतात. घरी दोनदा घंटा वाजली की ते उठून चालू लागत ते दार उघडायला नव्हे, हे आजवर कोणाला सुचलं नव्हतं. दार वाटेत यायचं म्हणून उघडलं जायचं, इतकंच.

तरी एवढ्यावर निभावलं असतं. पण मॅडमना तंबूच्या कापडावर सुरकुती दिसली.

"फोटोत सुरकुती नको. लोक म्हणतील कापड खराब. थांबा, मी आतून ताणून धरते," असं म्हणत त्या तंबूत शिरल्या. "तुम्ही काढा. काकांनी बघून मला सांगावं."

वारा वाढला होता. कापड फडफडत होतं, आणि फडफडणाऱ्या कापडावर कॅमेऱ्याची नजर ठरेना. फोटोग्राफरने कॅमेरा तिपाईवरून काढला, पट्टा गळ्यात घातला, डोळा लावला आणि बटण अर्धं दाबून धरलं. नजर जुळली, सुटली, पुन्हा जुळली, पुन्हा सुटली.

पीप-पीप. पीप-पीप. पीप-पीप.

सासऱ्यांनी पहिला गिअर टाकला. डावा हात ट्रेच्या कडेवरून सुटून हवेत फिरला आणि परत आला, हे बायकोने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती लांब उभी राहून सांडलेले डबे गोळा करत होती. सासरे उताराला लागले. केबल ताणली, कॅमेऱ्याला हिसका बसला, आणि कॅमेरा गळ्यातच असल्यामुळे फोटोग्राफर मान पुढे करून मागोमाग निघाला. बोट बटणावर आवळलेलं ते आवळलेलंच राहिलं, आणि कॅमेरा फोटो काढत सुटला. मध्येच केबल तंबूच्या एका दोरीत अडकली. दोरीची खुंटी उपटली, मग दुसरी, मग एकामागून एक सगळ्याच, आणि तो हिरवा तंबू जागेवरून उठून वरातीतल्यासारखा मागून चालू लागला. खालून मॅडमचे पाय दिसत होते. पायही चालत होते, दुसरा इलाज नव्हता.

"काका, सुरकुती गेली का?" आतून आवाज आला.

"गेली ताई," सासरे म्हणाले. "बसून घ्या, पुढे वळण आहे."

"बाबा, थांबा," फोटोग्राफर ओरडला. बाबा थांबले नाहीत. ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलं असतं, आणि ते वाक्य त्यांनी जन्मभर पाळलं होतं. समोर तळं मोठं मोठं होत चाललं होतं.

तेव्हा बायकोच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती लहान असताना बाबा कधी झोपेत चालू लागले तर तिची आई चमच्याने ताटलीवर एकदा ठोकायची, आणि बाबा जागच्या जागी उभे राहायचे. हे कशामुळे होतं, हे आईने तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगायची गरजही नव्हती. तिने हातातल्या डब्याच्या झाकणावर चमचा आपटला.

टण.

सासरे थांबले. असे थांबले की त्यांच्या बुटांची टोकं पाण्याला लागून राहिली आणि पडद्यावरचा माउसचा बाणसुद्धा हलला नाही. फोटोग्राफर त्यांच्या पाठीवर आदळला, तंबू फोटोग्राफरच्या पाठीवर आदळला, आणि मग सगळ्यांवर हिरवा अंधार पसरला.

अंधारात कडकन आवाज झाला. तो कोणत्या वस्तूचा होता हे फोटोग्राफरला बघायची गरज पडली नाही. ती त्याची कंबर होती.

कापड बाजूला करून मॅडम बाहेर आल्या. टोपी कानावर आली होती.

"शेवटचा थांबा," सासरे म्हणाले. "उतरताना बघून, ताई. खाली पाणी आहे."

 मॅडमनी टोपी सरळ केली आणि लॅपटॉपच्या पडद्यात डोकं घातलं. पडद्यावर गवत होतं, मग ढग, मग फोटोग्राफरचा स्वतःचा बूट, मग सासऱ्यांची पाठ, मग पाठ जवळून, मग पाठ अगदीच जवळून. मॅडम एकेक फोटो शांतपणे पाहत होत्या. त्या शांततेत फोटोग्राफरला आपलं उरलेलं सगळं आयुष्य दिसलं. हनुवटी खाली, कान दिसू द्या. त्याला खरंच रडू आलं, पण मान खाली घालावी तर घालता येईना. कंबर अशी धरली होती की पुढे वाकता येत नव्हतं, मागे जाता येत नव्हतं, बसायचं तर नावच नको. तो नुसता उभा होता.

"माझंच चुकलं," सासरे पडलेल्या आवाजात म्हणाले. त्यांनाही आता सगळं कळलं होतं. "गाडीही गेली आणि जावईबापूंचं कामही गेलं. मी आपला घरी कुलपं दुरुस्त करतो."

"कुलपं नका दुरुस्त करू, बाबा," बायको कळवळून म्हणाली.

मॅडमनी पडद्यावरून मान वर केली, तंबूपाशी गेल्या आणि कापड दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. उलटं करून शिवण पाहिली.

"कुठे फाटला नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग फोटोग्राफरकडे वळल्या. "ऊन आहे अजून. तंबू परत लावू या. मला एक धड फोटो दाखवा, नाहीतर मी निघाले."

बायकोने आणि मॅडमनी मिळून तंबू वर नेला आणि उभारला. फोटोग्राफरला सासऱ्यांनी पाठीमागून ढकलत, बंद पडलेली गाडी न्यावी तसं वर आणलं. आता अडचण अशी होती की कॅमेरा पुन्हा बुटक्या तिपाईवर चढवलेला, त्यात बघायला वाकावं लागणार, आणि फोटोग्राफर या जन्मी वाकेल असं वाटत नव्हतं.

"मी काढते," बायको म्हणाली. दुकानात तो जेवायला गेला की पासपोर्टचे फोटो तीच काढायची.

"आणि लॅपटॉप?" फोटोग्राफरने विचारलं.

सासऱ्यांनी मानेमागचा पट्टा सोडवला. त्यांचे खांदे पार भरून आले होते. ते जावयासमोर उभे राहिले, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तो पट्टा त्याच्या मानेत घातला. ट्रे पोटावर आडवा बसला. आणि असा बसला की हलायचं नाव नाही, कारण ज्याच्या पोटावर बसला होता त्यालाच हलता येत नव्हतं.

"पासिंग झालं," सासरे म्हणाले. मग दमलेला ड्रायव्हर मुक्कामाला पोचल्यावर करतो तेच त्यांनी केलं. समोर खुर्ची दिसली, तिच्यावरची चिठ्ठी उचलून खिशात ठेवली, आणि पाय लांब करून तिच्यात पसरले.

"अहो काका, ती फोटोतली—" मॅडम म्हणाल्या.

"हनुवटी खाली," बायको तंद्रीतच म्हणाली. कॅमेरा पीप-पीप वाजला. सासरे हलले नाहीत, पाय लांब असल्यामुळे फक्त त्यांचा अंगठा हलला. फोटो पडद्यावर उमटला.

हिरवागार तंबू होता, एकही सुरकुती नव्हती, आणि त्याच्यापुढे जन्मभराचं दमणं उतरवून बसलेला एक म्हातारा, चेहऱ्यावर अशी शांती की बघणाऱ्याला वाटावं आपणही तिथे जाऊन बसावं. 

"हसू नका म्हणायची इथे गरज नाही," फोटोग्राफर हळूच म्हणाला. सासरे हसत होते.

"काकांना उठवू नका," मॅडम म्हणाल्या. "एक असाच अजून घ्या. आणि वर्षभराचं काम तुमचं. पण एक सांगून ठेवते, माणसं हीच हवीत. खुर्चीत हे, कॅमेऱ्यावर या, आणि स्टँड हाच. काय उभा राहतो हो."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी पुन्हा कंबर दाबून पाहिली.

"वजन उचलू नका म्हटलं होतं ना?"

"उचलत नाही, डॉक्टर," फोटोग्राफर म्हणाला. "अंगावर ठेवतात."

डॉक्टरांनी कंबरेला रुंद पट्टा दिला. सासऱ्यांनी घरी नेऊन त्याला दोन आकडे बसवले, म्हणजे ट्रे जास्त घट्ट राहतो. या वेळी दुरुस्त केलेल्या वस्तूला सगळ्यांनी हात लावला.

तर आता कधी एखाद्या मोकळ्या पठारावर तुम्हाला हिरवा तंबू दिसला, पुढे खुर्चीत एक म्हातारा आरामात पसरलेला दिसला, आणि बाजूला पोटावर गुलाबांचा ट्रे घेऊन नजर समोर लावून उभा असलेला एक माणूस दिसला, तर थोडं लांबूनच बघा. पासपोर्टच्या हनुवट्या सुटल्या म्हणून तो खुशीत असतो. एकच तक्रार आहे, आणि ती त्याने अजून कोणाला सांगितलेली नाही. परवा तिसऱ्या तंबूच्या वेळी बायकोने डोळा लावला, कॅमेरा पीप-पीप वाजला, आणि त्याचा उजवा पाय आपोआप पुढे पडला.

मॅडमना ते दिसलं नाही. सासऱ्यांना दिसलं, पण त्यांनी नुसती मिशीवरून बोटं फिरवली. बायकोने कॅमेऱ्यावरून डोळा न काढता खिशातला चमचा काढला आणि तिपाईच्या पायावर एकदा वाजवला.

तो थांबला.